स्तेफन

स्तेफन हे ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारातील एका व्यक्तीचे नाव आहे. त्याचे मूळ ग्रीक रूप ‘स्तेफानोस’ असून ‘मस्तकावर धारण करावयाचे पानाफुलांचे वेढे’ असा त्याचा अर्थ होतो. मराठीत हा अर्थ बहुधा ‘मुकुट’ असा दिला जातो. ख्रिस्ती परंपरा स्तेफनाला पहिला हुतात्मा मानते.

व्युत्पत्ती आणि अर्थ

‘वेढणे, भोवती गुंफणे’ या अर्थाच्या ‘स्तेफो’ या ग्रीक क्रियापदापासून हे नाम बनले आहे. ऑलिंपिया येथील क्रीडामहोत्सवात विजेत्याच्या मस्तकावर रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा, तर डेल्फी येथे लॉरेलच्या पानांचा ‘स्तेफानोस’ ठेवीत. ग्रीक विवाहातही वधूवरांच्या मस्तकी असे वेढे घालतात. आपल्याकडील मुंडावळ्यांशी त्यांची तुलना करता येईल.

राजचिन्हासाठी ग्रीक भाषेत ‘दियादेमा’ हा निराळा शब्द आहे. पहिला शब्द मुख्यतः कमावलेल्या सन्मानाचा, तर दुसरा राजसत्तेचा द्योतक होय. मात्र प्रत्यक्ष वापरात ही सीमारेषा सर्वत्र काटेकोर नाही. मराठीत दोहोंसाठी ‘मुकुट’ (किंवा ‘मुगुट’) हाच शब्द रूढ झाल्याने हा भेद वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. येशूच्या मस्तकावर सैनिकांनी ठेवलेला काट्यांचा मुकुट (मत्तय 27:29) आणि विश्वासू राहणाऱ्यास मिळणारा जीवनाचा मुकुट (प्रकटीकरण 2:10) या दोन्ही ठिकाणी मूळ शब्द ‘स्तेफानोस’ आहे. प्रकटीकरण 19:12 मध्ये मात्र ‘दियादेमा’चे अनेकवचन येते.

नव्या करारातील वृत्तांत

स्तेफनाची कथा ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या व सातव्या अध्यायांत आहे. यरुशलेम येथील मंडळीत रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार ग्रीकभाषी यहुदी शिष्यांनी केली. तिच्या निवारणासाठी सात जण निवडले गेले. त्यांत स्तेफन पहिला होता. सातही नावे ग्रीक आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. तथापि त्या काळी अनेक यहुदी लोकही ग्रीक नावे धारण करीत. म्हणून केवळ नावावरून वंश ठरविता येत नाही.

पुढे ईश्वरनिंदेच्या आरोपावरून त्याला न्यायसभेपुढे उभे करण्यात आले. तेथील त्याचे भाषण हे या पुस्तकातील सर्वांत दीर्घ भाषण होय. नंतर त्याला नगराबाहेर नेऊन दगडमार करण्यात आला. मारणाऱ्यांना या पापाचा दोष लागू नये, अशी प्रार्थना करीत त्याने प्राण सोडला. दगड मारणाऱ्या साक्षीदारांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणापाशी ठेवली होती. हाच शौल पुढे प्रेषित पौल झाला.

पौलाने नंतर स्तेफनाचा उल्लेख ‘मार्तुस’ या शब्दाने केला (कृत्ये 22:20). त्याचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’ असा आहे. मराठी ‘हुतात्मा’ शब्दात आहुतीची कल्पना आहे, तर ग्रीक शब्दात साक्षीची.

नाव आणि मृत्यू यांचा संबंध बायबल स्वतः जोडत नाही. ज्याचे नावच ‘मुकुट’ त्याला हौतात्म्याचा मुकुट लाभला, असा अर्थ ऑगस्टीन आदी उत्तरकालीन धर्मोपदेशकांनी लावला.

मराठी वाङ्मयाशी संबंध

इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांच्या आडनावाचा अर्थ ‘स्टीफनचा पुत्र’ असा होतो. पोर्तुगीज त्यांना ‘एस्तेव्हाव’ म्हणत. त्यांच्यानंतर फ्रेंच धर्मगुरू एत्येन द ला क्रुआ यांनी संत पेत्रावर मराठी पुराण रचले. त्याचे मुद्रण 1629 मध्ये गोव्यात सुरू झाले. ‘एत्येन’ हे स्तेफन नावाचेच फ्रेंच रूप आहे. अशा रीतीने मराठीतील दोन आद्य ख्रिस्ती पुराणांचे कर्ते एकाच ग्रीक नावाचे वाहक ठरतात. गोव्यातील तिसवाडी तालुक्यातील सांत इस्तेव्ह हे बेटही याच संताच्या नावाने ओळखले जाते.

इतर रूपे व स्मृतिदिन

स्टीफन, स्टीव्हन (इंग्रजी), एस्तेबान (स्पॅनिश), स्तेफानो (इटालियन) आणि इश्तवान (हंगेरियन) ही या नावाची अन्य रूपे आहेत. पाश्चात्त्य मंडळ्या 26 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्याचा स्मृतिदिन पाळतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीत तो 27 डिसेंबरला असतो.