चाळीस मैल बिनपाण्याचे

सॉल्ट लेक सिटीतल्या मित्रांकडे जायला बे एरियातून भाड्याची आरव्ही काढली. मागे फ्रीज, शेगडी, पलंग. चाकांवरचा वन बीएचकेच म्हणा ना! वेंडोव्हर सोडलं की आय-८० मिठाच्या पांढऱ्याफटक सपाटीतून जवळजवळ सरळ रेषेत जातो. एसीत बसून चहा पिताना ती सपाटी फारच सुंदर दिसते.

१८४६च्या ऑगस्टअखेरीस डोनर आणि रीड कुटुंबांचा तांडा बैलगाड्या घेऊन या मीठवाळवंटातून उलट दिशेने, कॅलिफोर्नियाकडे निघाला. लॅन्सफर्ड हेस्टिंग्जने १८४५च्या पुस्तकात हा शॉर्टकट सुचवला होता, तोही स्वतः त्या वाटेने न जाता. (आमच्या धंद्यात याला टेस्टिंगविना रिलीज म्हणतात.) बिनपाण्याचा टप्पा चाळीस मैलांचा सांगितलेला, निघाला ऐंशीच्या आसपास. वरून कडक दिसणाऱ्या मिठाखाली चिखल. चाकं रुतली, पाणी संपलं, तहानेने पिसाळलेले रीडचे बैल रात्री पळाले ते बहुतेक सापडलेच नाहीत. गाड्या तिथेच टाकून द्याव्या लागल्या.

पुढची गोष्ट, नरमांसभक्षणाची, सगळ्यांना ठाऊक असते. मला ही आधीची जास्त छळते. वासॅच डोंगरात रस्ता तोडण्यात बरेच दिवस आधीच गेले होते, उरलेलं त्राण मिठाने खाल्लं. ऑक्टोबरअखेरीस सिएरा नेवाडाची खिंड गाठली, तर बर्फाने वाट बंद. ८७ पैकी सुमारे ४८ जण जगले.

त्या खिंडीला आता डोनर पास म्हणतात. आय-८० तिच्या जवळूनच जातो, आम्ही आदल्या दिवशी तिथूनच आलो होतो.