जर्सी आणि खुर्ची

१५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीग बेसबॉलमधली साठेक वर्षांची वर्णबंदी मोडली. शिव्या खायच्या, पण उलट उत्तर द्यायचं नाही, असं त्यानं संघाचे सर्वेसर्वा ब्रँच रिकी यांना कबूल केलं होतं.

मला मात्र १९७२ चा जॅकी जास्त भावतो. मधुमेहानं नजर जवळपास गेलेली. १५ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजमध्ये त्याचा सत्कार झाला. आभार मानून तो स्पष्टच म्हणाला, कृष्णवर्णीय मॅनेजर दिसेल तेव्हा जास्त अभिमान वाटेल. (बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक!) नऊ दिवसांनी तो गेला.

असा पहिला मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये क्लीव्हलँडला मिळाला. जॅकीचा ४२ नंबर १९९७ मध्ये सगळ्याच संघांनी निवृत्त केला. जर्सीला मान देणं सोपं असतं हो, खुर्ची देताना खरी परीक्षा होते!