रिकाम्या वाडग्याचा इतिहास



स्मरणिका समितीने ‘तुझ्या कामाबद्दल लिही’ असं सांगितलं होतं. माझं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचा कोड तपासणं, ते कोण वाचणार? त्यापेक्षा मी राहते त्या मिशिगनमधल्या एका चित्रकला शिक्षकाचा इतिहास सांगते. दहावीच्या वर्षी आपला चित्रकलेचा तास हमखास गणिताला जायचा, हे तुम्हाला आठवत असेलच.

डेट्रॉईटच्या उत्तरेला ब्लूमफील्ड हिल्स हे गाव आहे, मिशिगनमधल्या सर्वांत श्रीमंत वस्त्यांपैकी एक. तिथल्या लाहसर हायस्कूलमध्ये जॉन हार्टम कला शिकवत. १९९० साली गरजूंच्या अन्नासाठी शाळेत निधी गोळा करायचा होता. हार्टम यांनी विद्यार्थ्यांकडून मातीचे वाडगे करून घेतले. मग शाळेतल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना जेवायला बोलावलं. बेत साधा, सूप आणि पाव. जेवण झाल्यावर पाहुण्यांना सांगितलं, वाडगा घरी न्या, कुणाचा तरी वाडगा रिकामा आहे याची आठवण म्हणून. हार्टम आणि लिसा ब्लॅकबर्न यांनी पुढे हा उपक्रम ‘एम्प्टी बोल्स’ या नावाने वाढवला.

आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामं भांडं आपल्याला खुपतं. इथे पाहुण्याच्या हातात मुद्दाम तेच ठेवलं जातं, आणि ते घरच्या फडताळात वर्षानुवर्षं राहतं.

मला यातला सर्वांत हुशार निर्णय वेगळाच वाटतो. ही कल्पना त्यांनी स्वतःच्या मुठीत ठेवली नाही. कुठल्याही गावाने, शाळेने, स्टुडिओने आपापला कार्यक्रम करावा. पैसा मात्र भुकेविरुद्धच्या कामालाच जावा. आमच्या धंद्यात याला ओपन सोर्स म्हणतात. म्हणूनच अमेरिकेबाहेरही अशी जेवणं होऊ लागली.

शाळेत चाक आणि भट्टी असतेच असं नाही. तिथे गावातला सामाईक मातीकाम स्टुडिओ उपयोगी पडतो. अशाच एका स्टुडिओत मी दर गुरुवारी जाते. एका वाडग्याला साधारण अर्धा किलो माती लागते. ती मळायची, चाकावर मधोमध बसवायची (सगळं कौशल्य इथेच), उघडायची, वर ओढायची. अर्धवट सुकल्यावर बूड तासायचं. मग सुमारे १००० अंशांवर पहिली भाजणी, ग्लेझ लावून १२०० च्या वर दुसरी. ग्लेझ शिसेविरहित हवं, कारण त्यात कुणीतरी जेवणार आहे. एवढ्यात वाडगा दहाव्या हिश्शाहून जास्त आटतो आणि दोन-तीन आठवडे जातात. आसपासच्या शाळांतली मुलं बनवतात तेही वाडगे याच भट्टीत भाजले जातात. सूप गावातली हॉटेलं देतात. तिकिटाचे पैसे फूड बँकेला जातात.

माझा नवरा विचारतो, एवढ्या तासांची मजुरी धरली तर सरळ चेक का देत नाहीस? हिशेब त्याचा बरोबर आहे. एका जेवणाने भूक हटत नाही, हेही स्टुडिओत प्रत्येकाला ठाऊक असतं. पण चेक लिहिताना चौदा वर्षांचा मुलगा शेजारी बसून ‘हे कोण खाणार?’ असं विचारत नाही. चाकावर बसल्यावर विचारतो. ब्लूमफील्ड हिल्ससारख्या गावात तर हा प्रश्न मुलाला घरी सहसा पडणारही नाही. तो त्याला शाळेत पडावा, तोही कलेच्या तासाला, एवढ्यासाठी माझे गुरुवार गेले तरी चालतील.

लाहसर हायस्कूल आता त्या नावाने उरलेलं नाही. २०१३ मध्ये ते आणि शेजारचं अँडोव्हर हायस्कूल एकत्र करून एक नवं हायस्कूल झालं. वाडग्यांची जेवणं मात्र ठिकठिकाणी चालू आहेत. आमच्या स्टुडिओची भट्टी येत्या गुरुवारी उघडेल. माझे नऊ वाडगे आहेत आत, त्यातला एक चांगलाच तिरका.