अर्धं डोकं ठणकतंय? अर्धशिशी म्हणजे नेमकं काय, गोळी कधी घ्यायची आणि दवाखाना कधी गाठायचा

सकाळी उठल्यापासून मान अवघडलेली. दहाच्या सुमारास उन्हात डोळे दिपायला लागतात, एका कानशिलात ठणका सुरू होतो, पोटात ढवळतं. दुपारपर्यंत भांडं पडल्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही. अंधाऱ्या खोलीत पडून राहावं, कुणी हाक मारू नये, एवढंच वाटतं. उलटी झाली की जरा हलकं वाटतं. झोप लागली तर संध्याकाळपर्यंत उतरतं, नाही लागली तर दुसरा दिवसही गेला. आणि दाराबाहेर कुणीतरी म्हणत असतं, "हिचं नेहमीचंच आहे. काम निघालं की डोकं दुखतं."

हीच अर्धशिशी. डॉक्टर तिला मायग्रेन म्हणतात. जगात दर सात माणसांमागे साधारण एकाला हा त्रास आहे आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन ते तीन पट जास्त दिसतो. म्हणजे हजार वस्तीच्या गावातही शंभराच्या वर माणसं असणार. त्यातली बरीच जण दवाखान्यात कधी नीट सांगतच नाहीत. किराणा दुकानातली गोळी, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं आणि बाम, यावरच वर्षं निघून जातात.

नाटक नाही, मेंदूचा आजार

अर्धशिशी हा खराखुरा आजार आहे आणि बऱ्याच घरांत तो आईकडून लेकीकडे चालत येतो. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते मेंदूच्या आवरणाला आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांना. चेहऱ्याकडून येणारी एक मोठी नस आहे, तिची टोकं तिथे पोचलेली असतात. अर्धशिशीवाल्या माणसाची ही यंत्रणा लवकर भडकते. नसांच्या टोकांतून काही रसायनं सुटतात, आवरणाला सूज आल्यासारखं होतं आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका लागतो.

सोपं करून सांगायचं तर गावातली डीपी आठवा. लोड थोडा असला तर काही होत नाही. पण सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की फ्यूज उडतो. नुसत्या उन्हानं डोकं चढेलच असं नाही. पण चतुर्थीचा उपवास, आदल्या रात्रीचं जागरण, वर भरदुपारी खुरपणी आणि पाणी प्यायला वेळ नाही, असं सगळं एका दिवशी आलं की फ्यूज उडालाच समजा. म्हणूनच "परवा उन्हात होते तर काही झालं नाही, आज कसं झालं?" हा प्रश्न पडतो.

ओळखायचं कसं? दुखणं बहुतेक वेळा एका बाजूचं, ठणकणारं, चालताना किंवा जिना चढताना वाढणारं. सोबत मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज नकोसा. औषध न घेता हा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकतो. मधल्या काळात माणूस ठणठणीत. नाव अर्धशिशी असलं तरी काहींचं पूर्ण डोकं दुखतं, त्यामुळे एवढ्यावरून "मला ती नाही" असं ठरवू नका. लहान मुलांत तर दोन्ही बाजू दुखतात, झटका छोटा असतो, कधी डोक्यापेक्षा पोटदुखी आणि उलट्याच जास्त दिसतात.

काही जणांना डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी रेघा, चमकणारे ठिपके किंवा एका बाजूला आंधळा डाग दिसतो. हाताला, ओठाला मुंग्या येतात. हे हळूहळू वाढतं, ५ मिनिटांपासून तासाभरात जातं आणि मग ठणका सुरू होतो. पहिल्यांदा झालं की माणूस घाबरतोच, बाहेरची बाधा म्हणून उतारा काढणारीही घरं आहेत. हा अर्धशिशीचाच एक प्रकार आहे. पण पहिल्याच वेळी आपणच तसं ठरवून मोकळं होऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

"सायनस आहे" म्हणून वर्षानुवर्षं

ही गडबड फार घरांत होते. अर्धशिशीत कपाळ आणि गालाची हाडं दुखू शकतात, नाकातून पाणी येऊ शकतं, डोळाही पाणावतो. मग कुणीतरी सायनस म्हणतं आणि वाफारे सुरू होतात. खऱ्या सायनसच्या जंतुसंसर्गात नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास कमी होतो, कधी ताप असतो. महिन्याला दोनदा येऊन दोन दिवसांत आपोआप जाणारं, उलटी करायला लावणारं दुखणं सायनसचं असण्याची शक्यता कमी. तेच चष्म्याचं. नजर तपासून घ्यायला हरकत नाही, पण चष्मा लावून अर्धशिशी जात नाही.

आणि गाठीची भीती. "मेंदूत गाठ तर नसेल?" म्हणून शहरात जाऊन स्कॅन करायला हजारो रुपये घालणारी माणसं आहेत. नेहमीची अर्धशिशी डॉक्टर विचारपूस करून आणि तपासून ओळखतात, त्यासाठी स्कॅन लागतोच असं नाही. स्कॅन कधी लागतो ते पुढे येतंच.

गोळी लवकर, पण मोजून

बहुतेक जण चुकतात ते इथे. आधी सहन करतात आणि डोकं पूर्ण चढल्यावर गोळी घेतात. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, गोळी पोटातच पडून राहते, मग उलटीत निघून जाते. म्हणून ठणका सुरू होतोय असं कळलं की लगेच घ्यायची.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एका वेळी चालतात, दिवसभरात जास्तीत जास्त आठ. यकृताचा आजार असेल, वजन फार कमी असेल किंवा दारूची सवय असेल तर इतक्याही नाहीत. आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन अर्धशिशीत बऱ्याचदा जास्त लागू पडतं, पण उपाशीपोटी नाही. अल्सर, किडनीचा त्रास, गोळीने वाढणारा दमा किंवा गर्भारपण असेल तर ते घेऊच नका. दिवसभर उन्हात घाम गाळून, पाणी न पिता या गोळ्या खाल्ल्या तर किडनीवर ताण येतो, हे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. उलटी होत असेल तर डॉक्टर सोबत उलटीची गोळी देतात, त्याने मूळ गोळीही नीट लागू पडते. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

साध्या गोळीने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टानसारख्या खास अर्धशिशीच्या गोळ्या आहेत. हृदयविकार, लकवा होऊन गेलेला किंवा ताब्यात नसलेला बीपी असेल त्यांना त्या चालत नाहीत, म्हणून चिठ्ठीशिवाय नको.

अर्गोटामाइन असलेल्या जुन्या गोळ्याही अजून मिळतात. याची गंमत अशी की बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट रोग आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याच कुळातली एक बुरशी युरोपात राई नावाच्या धान्यावर पडते, तिच्यातून १९१८ साली स्वित्झर्लंडमध्ये हे औषध वेगळं काढलं गेलं. ते रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे जपूनच घ्यावं लागतं आणि गर्भारपणात बिलकुल चालत नाही. म्हणून कुणी अरगटाचे काळे दाणे औषध समजू नये! ते पोटात गेले तर उलट्या आणि चक्कर येते. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून ते वर तरंगणारे दाणे काढून टाकतात ते त्यासाठीच.

आता मोजण्याचं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा मिश्र गोळ्या आणि वर सांगितलेल्या खास गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिने चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. रोज उठल्याबरोबर डोकं जड, गोळी घेतली की तासभर बरं, पुन्हा तेच. रोज गोळी खाणाऱ्याला वाटतं आजार वाढलाय. खरं तर गोळी सुटायला हवी असते. ती सोडताना सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून डॉक्टरांच्या हाताखाली सोडलेली बरी. दर झटक्याला कमरेत इंजेक्शन आणि सलाईन घ्यायची सवयही याच वाटेवरची.

हिशोब ठेवायला वेगळी वही नको. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहिता, त्यावरच डोकं दुखलं त्या तारखेला "डो" लिहा आणि गोळी घेतली तर बाजूला एक रेघ. पाळी कधी आली, उपवास कधी होता, हेही तिथेच दिसतं. दोन-तीन महिन्यांचं हे पान डॉक्टरपुढे ठेवलं तर अर्धं काम होतं.

रोजची गोळी कुणाला?

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील, किंवा झटका कमी पण आडवं पाडणारा असेल, तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. प्रोप्रॅनोलॉल मूळचं बीपीचं औषध, दमा असलेल्यांना चालत नाही. अमिट्रिप्टिलिन मूळचं नैराश्याचं, अर्धशिशीत अगदी कमी मात्रेत रात्री देतात. मेडिकलवाला किंवा शेजारी "ही तर वेड्याची गोळी" म्हणतो आणि माणूस आठवड्यात बंद करतो. ती वेडाची गोळी नाही. या औषधांचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईने "मला दिवस जाऊ शकतात" हे डॉक्टरांना आधीच सांगावं. अलीकडे महिन्याला घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत, पण ती फार महाग आहेत.

बायकांनी हे वाचाच

पाळीच्या दोन दिवस आधी ते तिसऱ्या दिवसापर्यंत डोकं चढणं ही नेहमीची गोष्ट, शरीरातलं इस्ट्रोजेन उतरल्यामुळे होते. गर्भारपणात बऱ्याच जणींची अर्धशिशी कमी होते. पण पाचव्या महिन्यानंतर नव्याने जोराचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे, हातापायांवर किंवा तोंडावर सूज, तर ती अर्धशिशी समजून झोपू नका. गर्भारपणातला वाढलेला बीपी आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततो. आशाताईंना फोन करा आणि त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांतही हेच लागू.

दुसरं, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे रेघा-ठिपके येणाऱ्या बाईने माला-एन, माला-डीसारख्या इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, लकव्याचा धोका वाढतो. तांबी किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी छाया गोळी असे दुसरे मार्ग आहेत.

थांबायचं नाही, लगेच निघायचं

आयुष्यात कधी झालं नव्हतं असं डोकं एका मिनिटात कडाडून दुखलं. तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोबडी वळली. ताप आणि मान वाकवता येत नाही. फिट आली, शुद्ध हरपतेय. डोक्याला मार लागल्यावर दुखतंय. यापैकी काहीही असेल तर १०८ ला फोन. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, किंवा दुखणं आठवड्यागणिक वाढतच चाललंय, तर लवकर दाखवा. स्कॅन लागतो तो या माणसांना.

फवारणी करून आल्यावर डोकं दुखतंय, उलटी, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधूक, असं झालं तर ती विषबाधा असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

घरचे उपाय, कुठले ठेवायचे?

पहाटे दूध-जिलेबी खाण्याचा उपाय गावोगाव सांगतात. सूर्याबरोबर चढणारं दुखणं जुन्या लोकांच्याही नजरेत आलं होतं, सुश्रुतसंहितेत अर्धावभेदक आणि सूर्यावर्त अशी दोन्ही नावं आहेत. जिलेबीने आजार जातो याला आधार नाही, पण उपाशी पोटाने झटका येणाऱ्याला सकाळी लवकर पोटात काही गेल्याने बरं वाटत असेल, तर भाकरी-दूधही तेच काम करेल. कपाळावर गार पाण्याची घडी, अंधार, झोप चालेल. फडकं बांधा, पण फार आवळू नका. कपाळावर डाग देणं, नाकात कसले कसले रस पिळणं मात्र बंद करा. मिश्रीने डोकं उतरतं असं वाटतं ती तंबाखूची तलफ भागलेली असते. चहा दोन कप ठीक, पण रोज सात-आठ कप पिणाऱ्याचा एक दिवस चुकला की त्यानेच डोकं धरतं.

उपवास सोडा म्हटलं तर कुणी ऐकत नाही. मग निर्जळी तरी करू नका, दर तीन-चार तासांनी ताक, शेंगदाणे, फळ असं काही घ्या. झोपायची-उठायची वेळ रोज एकच ठेवा. लग्नसराईत डीजेपासून लांब बसा. शेतात टोपी किंवा पदर आणि पाण्याची बाटली.

घरच्यांनी काय करायचं? टीव्ही बंद करा, फोडणी पुढे ढकला, मुलांना बाहेर न्या. ती उठल्यावर दुसऱ्या दिवशीही अंगात त्राण नसतं, झटका उतरल्यावरची ती अवस्था आजाराचाच भाग आहे. साचलेली धुणी-भांडी त्याच सकाळी तिच्यापुढे ठेवू नका.

दाखवायचं कुठे

पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे. तिथून ई-संजीवनीवर मोबाईलच्या पडद्यावरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. गुण नाही आला तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात फिजिशियनला दाखवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४ वर फोन लावा. जाताना कॅलेंडरचं पान फाडायची गरज नाही, मोबाईलवर फोटो काढून न्या, आणि आजवर खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका.