चार ग्रेहाउंड आणि एक आडनाव

साल ११८३. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, टाइन आणि वेअर या दोन नद्यांच्या मधल्या एका गावात तुम्ही उभे आहात. लोक गावाला वेसिंग्टन म्हणतात. वासा नावाच्या कुणा सॅक्सन माणसाच्या गोतावळ्याने इथे कधीकाळी वस्ती केली, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. तो वासा कोण, हे आता गावात कुणाच्या आठवणीत नाही.

हा मुलूख डरहॅमच्या बिशपचा. सत्त्याण्णव वर्षांपूर्वी राजा विल्यमने इंग्लंडची मोजदाद करवून घेतली, पण डरहॅम तीत आलंच नाही. इथे बिशपच राजासारखा नांदतो. सध्याचे बिशप ह्यू द पुइझे यांनी आता आपल्या गावांची, कुळांची आणि येण्याची स्वतंत्र वही लिहायला घेतली आहे. पुढे ती ‘बोल्डन बुक’ म्हणून ओळखली जाईल. कारकुनाच्या खांद्यावरून वाकून पाहा. लॅटिन ओळीचा अर्थ साधा आहे. हर्टबर्नच्या विल्यमने हर्टबर्न गावावरचा हक्क सोडला आणि बदल्यात वेसिंग्टन घेतलं. चर्च आणि चर्चची जमीन मात्र त्यात धरलेली नाही. सारा चार पौंड. शिवाय बिशपची मोठी शिकार निघाली की विल्यमने चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहायचं.

ही शिकार म्हणजे नुसती करमणूक नाही, कुळांच्या मानेवरचं जू आहे. याच वहीत पुढे लिहिलंय की ऑकलंडकडच्या कुळांनी जंगलात बिशपसाठी साठ फूट लांब आणि सोळा फूट रुंद दिवाणखाना बांधून द्यायचा, वर प्रार्थनाघरही. विल्यमवर निदान बांधकामाची वेठ नाही. तो सरदार आहे.

आपल्याकडे वाई सोडून नागपूरला गेलेला माणूस वाईकरच राहतो. इथे मात्र अजून नावं घट्ट झालेली नाहीत. गाव बदललं तसं विल्यमचं नावही बदलतं, आणि हर्टबर्नचा विल्यम वेसिंग्टनचा विल्यम होतो. एका अदलाबदलीतून हे आडनाव जन्माला आलं, आणि तेही जमिनीसकट, साऱ्यासकट.

पुढची काही शतकं भराभर ओलांडा. १४१६ ते १४४६ या काळात डरहॅमच्या मठाचा प्रमुख जॉन वेसिंग्टन आहे. घराण्याची एक शाखा पश्चिमेला लँकशायरमधल्या वॉर्टनला गेली. तोवर वेसिंग्टनचं वॉशिंग्टन झालंय. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात शिरतो आणि दोनदा नॉर्थॅम्प्टनचा मेयर होतो. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, त्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या. १५३९ साली लॉरेन्सने ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स मोजून त्यांतलीच सलग्रेव्हची जमीन विकत घेतली. त्याने बांधलेल्या घराच्या दाराशी थांबा आणि वर बघा. दगडात घराण्याची ढाल कोरलेली आहे, दोन आडवे पट्टे आणि त्यांवर तीन चांदण्या. रंगवलेल्या ढालीत हे पट्टे आणि चांदण्या तांबड्या असतात. आज अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर हीच खूण आहे.

पण सुबत्ता टिकली नाही. याच घराण्यातला दुसरा एक लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली गावी पाद्री होता. यादवी युद्धात तो राजाच्या बाजूचा ठरला. दारूच्या गुत्त्यात बसतो, असा ठपका ठेवून पार्लमेंटवाल्यांनी १६४३ मध्ये त्याचं चर्च काढून घेतलं. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारातल्या जहाजावर नोकरीला लागला. १६५७ च्या सुरुवातीला पोटोमॅक नदीत ते जहाज गाळात रुतलं आणि जॉन व्हर्जिनियातच राहिला. नॅथॅनिएल पोपच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. सासऱ्याने सातशे एकर जमीन दिली. जॉनचा पणतू जॉर्ज, पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला, १७३२ मध्ये जन्मला.

घराण्यांचे इतिहास बहुधा इथे येऊन थांबतात. तुम्ही थांबू नका, कारण जॉर्जला स्वतःचं मूल झालं नाही, आणि या आडनावाची मोठी गोष्ट त्याच्या वंशातून पुढे जातच नाही.

१७८३ चा उन्हाळा, न्यूयॉर्कचं बंदर. बोल्डनची वही लिहून बरोबर सहाशे वर्षं झाली आहेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज हरले आहेत आणि त्यांची जहाजं निघायच्या तयारीत आहेत. मालकांना सोडून इंग्रजांकडे पळून आलेले हजारो गुलाम धास्तावलेले आहेत, कारण जनरल जॉर्ज वॉशिंग्टनने मे महिन्यात इंग्रज सेनापती कार्लटनची गाठ घेऊन त्यांना परत मागितलं आहे. कार्लटन म्हणाला, ज्यांना स्वातंत्र्याचं वचन दिलंय त्यांना मी परत करणार नाही. मालकांना पुढेमागे भरपाई मागता यावी म्हणून प्रत्येकाची नोंद मात्र करून ठेवतो. म्हणून ही दुसरी वही. तीन हजारांच्या आसपास माणसं तिच्यात नोंदली गेली. नाव, वय, अंगकाठी, मालक कोण, कधी पळाला.

रांगेत उभा असलेला त्रेचाळीस वर्षांचा तो धट्टाकट्टा माणूस पाहा. आफ्रिकेतून पकडून आणलेला. जनरल वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर तो घोडे सांभाळायचा. एकदा पळाला आणि पकडला गेला. १७७६ मध्ये पुन्हा पळाला, या वेळी हाती लागला नाही. तिथल्या वहीखात्यात तो नुसता हॅरी. इथे कारकून लिहितो, हॅरी वॉशिंग्टन, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता.

ही ओळ लिहिली जाताना तुम्ही त्याच्या शेजारी उभे आहात, म्हणून सांगतो. माझ्या लेखी या आडनावाच्या इतिहासात राष्ट्राध्यक्षाच्या शपथेपेक्षा ही नोंद मोठी आहे. मालकाच्या कबजातून सुटलेला माणूस मालकाचंच आडनाव स्वतःचं म्हणून जहाजावर घेऊन जातो आहे.

हॅरी नोव्हा स्कॉशियातल्या बर्चटाउनला उतरला. जमीन मिळाली ती खडकाळ, तीही तुटपुंजी. १७९२ मध्ये पंधरा जहाजांतून बाराशेच्या आसपास माणसं पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला निघाली, त्यांत तो होता. तिथे वसाहत चालवणाऱ्या कंपनीने जमिनीवर सारा मागितला. हे लोक म्हणाले, फुकट जमिनीचा शब्द दिला होता. सारा भरला तर आपण पुन्हा दुसऱ्याचे होऊ. १८०० मध्ये बंड झालं, मोडलं गेलं, आणि साठीला पोचलेल्या हॅरीला नदीपलीकडच्या बुलम किनाऱ्यावर हद्दपार केलं.

इकडे १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे. मृत्युपत्रात त्याने त्यांची सुटका लिहून ठेवली. बाकीच्यांपैकी बहुतेक त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. ते तिच्या नातवंडांत वाटले गेले.

अजून एक थांबा. गुलामी संपून फार दिवस झालेले नाहीत. वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डनची शाळा. मास्तर हजेरी घेत आहेत आणि प्रत्येक मुलगा दोन-दोन, तीन-तीन नावं सांगतोय. मिठाच्या भट्टीवर काम करून आलेल्या एका मुलाला एकच नाव आहे, बुकर. त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन. पाळी येते तेव्हा तो शांतपणे म्हणतो, बुकर वॉशिंग्टन. १८७२ मध्ये तो पायपीट करत हॅम्प्टनच्या शाळेत पोचेल आणि पुढे टस्कीगीची संस्था उभी करेल. तो हॅम्प्टनला पोचल्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ छापतील आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण करतील.

हजेरीच्या वेळी आडनाव निवडणारा बुकर एकटा नव्हता. मुक्त झालेल्या असंख्य माणसांनी सरकारी कागदांवर स्वतःसाठी नाव सांगितलं, आणि अनेकांनी वॉशिंग्टन सांगितलं. त्यातले बहुतेक माउंट व्हर्ननच्या आसपासचेही नव्हते. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत या आडनावाची एक लाख त्रेसष्ट हजारांवर माणसं मोजली गेली. त्यांतल्या दर दहांपैकी नऊ जणांनी आपण कृष्णवर्णीय असल्याची नोंद केली.