'हा बँड नाहीये!' : अमेरिकेतले ड्रम कोरचे फॅन कशाकशावर चिडतात?

रील्स बघताना हा व्हिडिओ कधी ना कधी तुमच्यासमोर आलाच असेल. फुटबॉलचं भलंमोठं मैदान, दीडशेच्या आसपास पोरंपोरी पळत पळत ट्रम्पेट वाजवतायत, कोणी पोटावर पाच-सहा ड्रम बांधून खेकड्यासारखं आडवं चालतंय, मागं कोणी लाकडी रायफल हवेत गरागरा फेकून बरोबर झेलतंय. खाली कोणाची तरी कमेंट, "काय भारी मार्चिंग बँड आहे!"

आणि त्याच्या खाली लगेच एक चिडका रिप्लाय, "हा बँड नाहीये."

तर ही चिडचिड नेमकी कशाची ते समजून घेऊ. कारण वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या तक्रारींच्या मागं पन्नासहून जास्त वर्षांचं भांडण आहे.

बँड आणि ड्रम कोर, फरक काय?

अमेरिकेत मार्चिंग बँड म्हणजे शाळा-कॉलेजचा. त्यात बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन सगळं असतं. ड्रम कोरमध्ये फुंकायची वाद्यं फक्त पितळी, सोबत तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड. सॅक्सोफोनला आजही जागा नाही. ही मंडळी कुठल्या शाळेची नसतात, देशभरातून ऑडिशन देऊन येतात.

याचं मूळ लष्करी आहे. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी बिगुल-ड्रमची पथकं उभी केली. पुढं कोर चालवणाऱ्यांनी स्वतःची संघटना काढली, ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय. तिची पहिली चॅम्पियनशिप १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाहाइम किंग्जमेननं ती जिंकली.

मोसम सुरू होताना वय २१ च्या पुढं गेलेलं चालत नाही. उन्हाळाभर बसमधून एका गावातून दुसऱ्या गावात जायचं, शाळेच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, दिवसभर उन्हात सराव करायचा. याचे पैसे मिळत नाहीत, उलट पोरांनाच हजारो डॉलर फी भरावी लागते. एवढं करून कोणी "छान बँड" म्हटलं की डोकं फिरणारच. आपल्याकडं ढोल-ताशा पथकातल्या एखाद्याला "तुमची बँजो पार्टी कुठली?" असं विचारून बघा, म्हणजे अंदाज येईल.

स्टेडियममधले गुन्हे

शो चालू असताना जागेवरून उठणं हा पहिला. एका कोरचा शो जेमतेम ११-१२ मिनिटांचा. दोन शोंच्या मधे उठायला वेळ मिळतो. तरी कोणीतरी नाचोजचा ट्रे घेऊन ऐन रंगात समोरून जातोच.

दुसरा गुन्हा हळू भागात ओरडण्याचा. प्रत्येक शोमध्ये एक संथ भाग असतो, त्याला बॅलड म्हणतात. आवाज अगदी बारीक होतो आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी आपल्या मित्राचं नाव घेऊन बोंबलतो. ड्रम कोरमध्ये ओरडायला बंदी नाही हं. उलट जोराचा सूर संपला की उभं राहून ओरडणं हीच पद्धत. फक्त कधी ओरडायचं ते कळलं पाहिजे.

तिसरा मला सगळ्यात पटतो. आपलं पोरगं ज्या कोरमध्ये आहे त्याचा शो झाला की निघून जाणारे पालक, आणि फक्त शेवटचे मोठे कोर बघायला उशिरा येणारे फॅन. लहान कोर आधी वाजवतात, त्यामुळं त्यांच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. फी त्यांच्याही पोरांनी भरलेली असते, जिमच्या फरशीवर तीही झोपलेली असतात.

खरा राग माइकवर

आता मुख्य मुद्द्याकडं येऊ. जुन्या फॅनना, ज्यांना नवे फॅन चेष्टेनं 'डायनो' म्हणजे डायनासोर म्हणतात, विचारलं की ड्रम कोरचं काय बिघडलं, तर ते वर्षं मोजून दाखवतात.

२००० मध्ये जुन्या जी पट्टीच्या बिगुलची सक्ती गेली, कुठल्याही पट्टीतली वाद्यं चालू लागली. २००४ पासून माइक आणि स्पीकर आले. २००९ मध्ये सिंथेसायझरसारखी इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली. २०१४ पासून ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्नसकट सगळी पितळी वाद्यं चालायला लागली.

यात माइकवर एवढा राग का? ड्रम कोरची मजाच मुळी कच्च्या आवाजात होती. कित्येक पितळी वाद्यं एकदम तुमच्या दिशेनं वळतात आणि आवाजाची भिंत छातीवर आदळते, वीज नाही, वायर नाही. स्पीकर आल्यावर आतला बारीक झायलोफोन ऐकू यायला लागला, हा फायदा खराच. पूर्वी तो ऐकू जावा म्हणून वाजवणाऱ्याला जीव खाऊन ठोकावं लागायचं. पण स्पीकरसोबत सिंथेसायझरचा तो घुमणारा खालचा आवाजही आला. फॅन त्याला 'गू' म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट लगदा, पण मराठी माणसानं आपल्या अर्थानं घेतला तरी फॅनच्या भावना पोहोचतात! तक्रार अशी की हा आवाज सगळ्यावर सारवला जातो आणि जोर पोरांच्या फुफ्फुसांचा की मशीनचा, तेच कळत नाही.

त्यात २००९ पासून फायनल इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. छत असलेलं अवाढव्य स्टेडियम. पाऊस-वाऱ्याची चिंता मिटली, पण आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि जागा चुकली तर नुसता गोंधळ ऐकू येतो.

माइकमुळं बोलणंही आलं. २००६ ते २००८ या काळात द कॅडेट्स या नावाजलेल्या कोरनं शोभर निवेदन ठेवलं. २००६ चा शो अ‍ॅलिसच्या गोष्टीवर, २००७ चा 'धिस आय बिलिव्ह'. वाजवा की, बोलताय काय, अशा शिव्या पडल्या. शोमध्ये कोणी भाषणाच्या सुरात बोलायला लागलं की फॅन अजूनही त्या तीन वर्षांची आठवण काढतात.

कपड्यांवरूनही असंच. पिसाच्या उंच टोप्या आणि लष्करी कोट जाऊन अंगाला चिकटलेले डान्सचे कपडे आले. २०१६ मध्ये ओहायोच्या ब्लूकोट्सनी टोप्याच काढून टाकल्या, मैदानात मोठे उतार उभे केले आणि पहिल्यांदाच चॅम्पियनही झाले. पुढं टोप्या मागंच पडल्या.

पॉइंटांचा हिशेब

मार्क १०० पैकी. ४० एकूण परिणामाला, ३० दृश्याला, ३० संगीताला. १९८३ पर्यंत 'टिक' पद्धत होती, चूक दिसली की मार्क कापायचे. आता परीक्षक किती उंची गाठली ते बघतात, म्हणून "हे तर आवडीनिवडीवर आहे" ही तक्रार कायमची. कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सकडं २१ विजेतेपदं आहेत आणि २०१४ चा त्यांचा ९९.६५ हा विक्रम आहे. त्यामुळं "पुन्हा तेच का?" हे वाक्य दर ऑगस्टला ऐकू येतं. २००८ मध्ये मात्र फँटम रेजिमेंटनं 'स्पार्टाकस' शोवर त्यांना ०.०२५ नं हरवलं. पॉइंटांना शिव्या देणारे लोक हा आकडा तोंडपाठ सांगतात.

शिव्या खाल्लेला शो

या सगळ्यात १९९३ ची गोष्ट सांगायलाच हवी. इंडियानाच्या ब्लूमिंग्टनमधल्या स्टार ऑफ इंडियाना या कोरनं बार्टोक आणि बार्बर या संगीतकारांच्या रचनांवर शो केला. ना टाळ्या घेणारी धून, ना ओळखीचं गाणं. सगळं कोरडं, टोकदार, अस्वस्थ करणारं. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. वाजवणारी पोरं विशी-एकविशीची होती, हे लक्षात घ्या. फायनलला कॅडेट्स ९७.४ वर जिंकले, स्टार ९७.३ वर दुसरे आले. त्यानंतर स्टारनं स्पर्धाच सोडली. पुढं त्याच मंडळींच्या कामातून 'ब्लास्ट!' हा रंगमंचीय शो उभा राहिला आणि २००१ मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला.

आज तोच १९९३ चा शो ड्रम कोरच्या इतिहासातल्या सर्वोत्तम शोंमध्ये गणला जातो. म्हणून 'डायनो' लोक "आमच्या वेळी" सुरू करतात तेव्हा नवे फॅन हा दाखला तोंडावर मारतात. माझ्या मते दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. स्टारनं नवीन काही केलं ते त्याच पितळी वाद्यांतून केलं, स्पीकर लावून नाही.

जी तक्रार सगळ्यांची आहे

माइक हवा की नको यावर फॅन भांडतील, पण कोर बंद पडण्यावर दोन्ही बाजू एकच बोलतात. एकेकाळी अमेरिकेत शेकडो कोर होते, आता काही डझन उरलेत. बस, डिझेल, जेवण, विमा, सगळं महागलं. फी वाढली तशी साध्या घरातली पोरं बाहेर राहिली. २०२० चा मोसम कोविडमुळं रद्द झाला, २०२१ ला कार्यक्रम झाले पण मार्क दिले गेले नाहीत. सांता क्लारा व्हॅनगार्ड, २०१८ चे चॅम्पियन, पैशाच्या अडचणीमुळं २०२३ ला मैदानात उतरलेच नाहीत.

आणि कॅडेट्स. १९३४ मध्ये न्यू जर्सीत सुरू झालेला, डीसीआयची दहा विजेतेपदं घेतलेला कोर. २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केल्यावर त्याच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. नंतर १९८० च्या दशकातल्या अत्याचाराच्या आरोपावरून संस्थेवर खटला झाला आणि २०२४ मध्ये कॅडेट्स कायमचे बंद झाले. "आमचा कोर गेला" म्हणून रडणाऱ्यांवर काही फॅन चिडले, कारण आधी पोरांच्या सुरक्षिततेचं बोला, असं त्यांचं म्हणणं होतं. ही चिडचिड मात्र अगदी रास्त होती.

२०२५ मध्ये १९४० पासून चालत आलेल्या बॉस्टन क्रुसेडर्सनी पहिल्यांदा डीसीआयचं विजेतेपद घेतलं. मोसम जूनच्या शेवटी सुरू होतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. डीसीआयच्या यूट्यूब चॅनेलवर छोट्या क्लिप फुकट बघायला मिळतात. कमेंट करणार असाल तर 'बँड' हा शब्द तेवढा टाळा.