कोंबडीपालन, घरगुती (कोल्हापूर शहर)

शहराच्या हद्दीत परसात, पडवीत किंवा गच्चीवर घरच्या वापरासाठी थोड्या कोंबड्या पाळणे. कोल्हापुरात पेठांमधील जुन्या घरांत आणि कसबा बावड्यासारख्या, शहरात सामावलेल्या गावठाणांत ही रीत आढळते. कोंबड्या दिवसा मोकळ्या आणि रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली असतात. मांजर-मुंगसाने उलथू नये म्हणून डालग्यावर दगड ठेवतात.

कायदा : कोल्हापूर नगरपालिकेची (स्था. 1854) 15 डिसेंबर 1972 रोजी महानगरपालिका झाली. तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू आहे. त्याच्या कलम 376 नुसार विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा उत्पन्न विकण्यासाठी घोडे, गुरे व इतर चतुष्पाद प्राणी ठेवायचे तर आयुक्तांचा परवाना लागतो. कोंबडी द्विपाद असल्याने या तरतुदीत थेट येत नाही. मात्र आरोग्यास धोकादायक किंवा उपद्रवकारक धंद्यांविषयीची याच कलमातील तरतूद व्यापारी पालनास लावता येते. घरी किती कोंबड्या पाळाव्यात, याचा आकडा अधिनियमात नाही. हद्दीबाहेरच्या पाचगाव, उचगाव इ. गावांत ग्रामपंचायतीचे नियम चालतात.

उपद्रव : शेजाऱ्यांच्या तक्रारी मुख्यतः दुर्गंधी, माश्या व आरवणे यांच्या असतात. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 152 खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम 133) देऊ शकतात. निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती कोंबड्याच्या आरवण्याला लावावी की नाही, याविषयी एकमत नाही.

रोग व लसीकरण : घरगुती पालनात खरा धोका राणीखेत (मानमोडी) रोगाचा. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात टाकतात. 6 ते 8 आठवड्यांनी आर-टू-बी लस पंखाखाली टोचतात. लसीची कुपी सहसा शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे पाच-सहा कोंबड्यांचे घर लसीकरण टाळते व रोग गल्लीभर पसरतो; गल्लीने एकाच दिवशी लस टोचून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय. बर्ड फ्लूची भारतातील पहिली साथ 2006 मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे आली, जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा आढळला. साथ जाहीर झाल्यावर बाधित क्षेत्रातील (सर्वसाधारणपणे 1 किमी त्रिज्या) परसातल्या कोंबड्याही नष्ट केल्या जातात. भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 नुसार अनुसूचित रोगाची शंका येताच कळवणे मालकावर बंधनकारक आहे.

कत्तल : घरगुती कत्तलीला कत्तलखान्याचे नियम कितपत लागू होतात, हे वादग्रस्त आहे. कोंबडी 'प्राणी' ठरते का, हा प्रश्न 2023 मध्ये गुजरात उच्च न्यायालयापुढेही आला होता.

झुंजी : 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा.

पिले : कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. परसासाठी वनराजा, गिरिराज या जाती चालतात.

एकाएकी मरतूक झाल्यास मेलेली कोंबडी कोंडाळ्यात किंवा पंचगंगेत टाकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि तपासणीनंतर ती चुना टाकून खोल पुरावी.